अर्धा मिलिमीटर

तीन कोटेशनं आली आहेत. पंधराशे वॅट, दोन हजार, आणि एक
ज्यावर किंमतच नाही, फक्त "मॅडम, बसून बोलू."
खैरानी रोडच्या आमच्या गाळ्यात बसायला
दोन स्टुलं. एकाचा पाय मी स्वतः वेल्ड केलेला,
म्हणून पाहुण्यांना दुसरं देते.

बाबल मेस्त्री कोटेशन वाचत नाही.
बशीत चहा ओततो आणि विचारतो,
"फट कितकी चालता ह्येका?"
एकतीस वर्षं टिग मारतोय. हॉटेलांची सिंकं,
शवागाराच्या ट्रॉल्या, कुणा डॉक्टरीणबाईंच्या जिन्याचा कठडा.
त्याचा टाका रावसाच्या खवल्यांसारखा, एकावर एक,
मोजत बसावा असा.

ब्रोशरमधल्या माणसाला चेहरा आहे, घाम नाही.
वेग चौपट, लिहिलंय. पॉलिशचं काम कमी.
नवा माणूस दोन दिवसांत शिकतो.
ते दोन दिवस मी बोटानं झाकून धरले
बाबल बाजूनं जाईपर्यंत.

मरोळला डेमो. एसी, पांढरी फरशी.
सेल्समन खटावकर तुकडे स्वतःच्याच ड्रॉवरमधून काढतो:
काटकोनात कापलेले, स्पिरिटनं पुसलेले.
एक ठिपका थरथरत गेला
आणि शिवण पडली, पातळ, सरळ,
कडेला जळल्याची निळाईसुद्धा नाही.
मी मनात हप्ता मोजायला लागले होते.

बाबलनं पिशवीतून आपले काढले.
आमच्या भंगाराच्या डब्यातले, आमच्याच कातरीचे,
एक पॉइंट दोनची शीट, तेलकट, कड जराशी नाचलेली.
खटावकरनं उजेडाकडे धरून पाहिलं. मारलं.
शिवण चार बोटं चालली आणि भोक.
पुन्हा. भोक.
"फट म्हणता ब्रह्महत्या," बाबल म्हणाला,
आणि मला वाटलं झालं, जिंकला, उठू या.

पण खटावकर वाईट माणूस नव्हता.
"काका, वायर फीडर लावून अर्धा मिलिमीटर भरून देतो.
त्यापुढे मशीनला बोल लावू नका.
कातरीची पाती शेवटची कधी फिरवलीत?"

चिलर घरघरत होता.
पाती मामाच्या हयातीत फिरवलेली.
त्यानंतरची आठ वर्षं
प्रत्येक वाकडी कड, माझं प्रत्येक चुकलेलं माप
बाबलनं तारेनं भरून काढलं
आणि एकदाही सांगितलं नाही.
मी त्याला टाक्याचे पैसे देत होते.
भरावाचे नाही.

रिक्षात तो बराच वेळ बाहेर बघत होता. मग म्हणाला,
"घे बाय. ल्हान घे.
उरलेल्या पैशात चारी बाजून आडोसो बांध,
दार उघडला की मशीन बंद व्हयी.
तो उजवाड दिसणा नाय.
दिसता त्येका मी भियणंय नाय."
आणि चष्मे?
"सगळ्यांका. चाय घेवन येणाऱ्या पोराक पण."
हे म्हणताना डावा डोळा चोळत होता.
तरुणपणी आर्क लागून रात्र रात्र वाळू खुपायची,
बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपायचा, म्हणे,
आणि सकाळी बायको त्याच चकत्या
भाजीत टाकते की काय, याची धास्ती.

रात्री ऑर्डर लिहायला बसले.
पंधराशे वॅट. वायर फीडरसकट.
सर्व्हिसचा माणूस किती तासांत येणार, ते लेखी.
आडोसा, चष्मे सात.
सगळ्यात वर, जागा नव्हती तरी कोंबून:
कातरीची पाती, धार लावून, आधी.

मग खाली एक ओळ, रकमेचा रकाना रिकामा:
बाबल. आठ वर्षं. भराव.
फुटावर लावायचा की किलोवर?
मामा असता तर त्यालाही आलं नसतं.